ट्रम्पेटचा शिक्षक समोरच बसलेला हवा

पेटी किंवा तबला शिकवणारे गुरुजी दोन गल्ल्या सोडून मिळतात, गिटारचे क्लास तर चौकाचौकात आहेत. ट्रम्पेटचं तसं नाही. शाळेच्या बँडमध्ये पाहून मुलीने ट्रम्पेटचा हट्ट धरला, की आईवडील मोबाइलवर शोधायला लागतात. तिथे एखादा नामांकित परदेशी वादक ऑनलाइन शिकवताना सापडतो, नाहीतर ‘सर्व वाद्ये शिकवली जातील’ अशी शहरातल्या क्लासची जाहिरात दिसते. नवशिक्यासाठी या दोन्ही वाटा चुकीच्या आहेत, असं माझं स्पष्ट मत आहे. पहिलं वर्षभर तरी शिक्षक स्वतः ट्रम्पेट वाजवणारा हवा आणि तो त्याच खोलीत हवा. त्याचं नाव किती मोठं, त्याच्याकडे सर्टिफिकेट कुठलं, हे प्रश्न नंतरचे.

याचं कारण वाद्याच्या घडणीतच आहे. ट्रम्पेटला व्हॉल्व्ह तीनच. मधला दाबला की सूर अर्ध्या स्वराने उतरतो, पहिला दाबला की एका स्वराने, तिसरा दाबला की दीड स्वराने. या सगळ्यांच्या जुळणीतून नळीच्या जेमतेम सात लांब्या मिळतात, आणि तरीही त्यातून दोन सप्तकांहून जास्त सूर निघतात. एकही व्हॉल्व्ह न दाबता सा, प, वरचा सा, त्याच्या पुढचा ग, हे सारे वाजतात. कुठला वाजणार ते ओठ आणि श्वास ठरवतात. पेटीवर चुकलेलं बोट दिसतं. इथली चूक माउथपीसच्या वाटीआड झाकलेली असते. वरचा सूर लागेना की मूल डाव्या हाताने ट्रम्पेट ओठांवर दाबू लागतं. सूर लागतोही, म्हणून ते खूश होतं. पण माउथपीस काढल्यावर ओठावर गोल वळ उमटलेला असतो आणि थोड्याच वेळात ओठ बधिर होऊन आवाज फाटायला लागतो. शेजारी बसलेल्या जाणकाराला वर चढलेला खांदा आणि आवळलेला गळा आधीच दिसतो. तो वाद्य खाली ठेवायला लावतो, नुसत्या माउथपीसवर फुंकून घेतो, श्वास पोटातून घ्यायला सांगतो. दाबून वाजवायची सवय एकदा मुरली, की ती मोडण्यात महिनेच्या महिने जातात.

लातूरच्या किंवा गोंदियाच्या मुलाने मग काय करायचं, ऑनलाइनशिवाय त्याला पर्याय आहे का, असं कोणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. पण व्हिडिओ कॉलची अनेक ॲप एकसारखा लांब सूर म्हणजे मागचा गोंगाट समजून तो दाबून टाकतात, आणि लांब सूर धरणं हाच तर ट्रम्पेटचा रोजचा पहिला रियाज. सेटिंग बदलून हे टाळता येतं; तरी मोठा आवाज माइकमध्ये चेपतोच. ओठ बसल्यानंतर चांगल्या शिक्षकाकडे ऑनलाइन जरूर शिकावं. पाया मात्र तसा घालू नये.

शिवाय माणसं वाटतात तितकी दुर्मीळ नाहीत, आपण त्यांना शिक्षक म्हणून मोजत नाही. पोलीस बँड, राज्य राखीव पोलीस दलाचे बँड, नौदल आणि लष्कराचे बँड यांतून वादक निवृत्त होत असतात. लष्कराचं संगीत प्रशिक्षण पचमढीला चालतं. अशा बँडमधला वादक नोटेशन वाचतो आणि उभ्याने तासन् तास वाजवताना ओठ कसे जपायचे हे त्याला पक्कं ठाऊक असतं. दुसरा झरा गोव्याचा. पोर्तुगीज काळापासून तिथल्या चर्चच्या शाळांत मेस्त्री, म्हणजे संगीतशिक्षक, मुलांना आधी स्वरलेखन वाचायला शिकवत आणि मग वाद्य हातात देत. मुंबईचे जाझ बँड आणि सिनेमाचे वाद्यवृंद उभे करण्यात गोव्याच्या वादकांचा मोठा वाटा होता. संगीतकार सी. रामचंद्रांच्या 1951च्या ‘अलबेला’ सिनेमाच्या संगीतामागे हळदोण्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट होते. ही विद्या आजही मुंबई, पुणे आणि गोव्यातल्या अनेक घरांत आहे.

यावर आक्षेप असा, की बँडवाल्याकडे पदवी नसते आणि चांगलं वाजवणारा चांगलं शिकवेलच असं नाही. दुसरी गोष्ट खरीच आहे, पण ती पदवीधरालाही लागू पडते. ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम या परीक्षा मंडळांच्या ग्रेड परीक्षांनी अभ्यासाला शिस्त येते, म्हणून त्या द्याव्यात. पण त्या विद्यार्थ्याला तपासतात, शिक्षकाचा कान तपासत नाहीत. लग्नाच्या बँडमधले अनेक वादक केवळ कानाने वाजवतात. पुढे ऑर्केस्ट्रात जायचं असेल तर तेवढं पुरणार नाही, हेही मान्य.

म्हणून फीचं बोलण्याआधी एकच करा. मुलाचे पुढचे पक्के दात आले असल्याची खात्री करून त्याला शिक्षकासमोर बसवा आणि पाच मिनिटं फुंकू द्या. शिक्षक लगेच बोटं आणि गाणं शिकवायला लागला तर नमस्कार करून निघा. त्याने आधी ओठांकडे पाहिलं आणि श्वासाबद्दल विचारलं, तर त्याच्याकडेच शिकवणी लावा, मग तो पोलीस लाइनीत राहणारा निवृत्त हवालदार का असेना.