मराठी पोस्ट, इंग्रजी लेबल

मॅस्टोडॉनवर जपानी-जर्मन पोस्टींचा पूर येतो, म्हणून मी सेटिंगमध्ये मराठी, हिंदी, उर्दू एवढंच ठेवलं. आमच्या बाळापुरात याच भाषा कानावर पडतात. तर बाप्पा, सार्वजनिक टाइमलाइन जवळपास रिकामी! कारण हा फिल्टर मजकूर वाचतच नाही, लिहिणाऱ्यानं लावलेलं भाषेचं लेबल बघतो. माझ्याच मराठी पोस्टींवर इंग्रजीचं लेबल होतं! म्हणजे फक्त मराठी निवडणाऱ्याला मी तिथं दिसतच नव्हतो. पोस्ट लिहिताना भाषेचं बटण असतं, तिथं मराठी करा. होम टाइमलाइनला मात्र हा फिल्टर लागत नाही. फॉलो केलेला माणूस दोन भाषांत लिहीत असेल, तर त्याच्या प्रोफाइलच्या मेनूतून हवी तेवढी भाषा निवडता येते.