निजामाच्या दागिन्यांची पाठ रंगीत का? मिना, बिदरी आणि निळ्या काठाची ताटली

हैदराबाद : नांदेड, देगलूर, उदगीरकडची मंडळी हैदराबादला गेली की सालारजंग म्युझियम चुकवत नाहीत. तिथली बिदरीची भांडी पाहून 'हेच मिनाकाम का?' असा गोंधळ अनेकांचा होतो. तर नाही. बिदरी म्हणजे जस्त-तांब्याच्या मिश्रणात चांदीची तार ठोकून बसवणं. तिचा काळा रंग बिदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर यांनी येतो. मिना म्हणजे मात्र चक्क काच.

काचेत धातूंचे क्षार मिसळून रंग करतात. कोबाल्टने निळा, तांब्याने हिरवा. ती दळून, पाण्यात कालवून धातूवर लावायची आणि भट्टीत घालायची. पूड वितळून धातूला कायमची चिकटते. सोन्याचांदीवर कारागीर आधी नक्षी कोरतो आणि त्या खळग्यांत पूड भरतो. सगळे रंग एकदम भाजत नाहीत. जास्त आच सोसणारा पांढरा आधी, नाजूक लाल सगळ्यात शेवटी. क्रम चुकला की लाल बिघडला, मेहनत पाण्यात! दुसऱ्या रीतीत बारीक तारेचे कप्पे करून त्यांत रंग भरतात. चिनी-जपानी फुलदाण्या तशा असतात.

घरातली निळ्या काठाची पांढरी एनॅमलची ताटलीही याच जातीची, फक्त लोखंडी पत्र्यावरची. पत्रा काचेच्या पातळ कालवणात बुडवतात किंवा त्यावर फवारा मारतात, वाळवून साधारण 800 अंशांवर भाजतात. पहिला थर गडद असतो, कारण त्यातला कोबाल्ट लोखंडाला घट्ट पकडतो. पांढरा त्याच्यावर. टवका उडालेल्या भांड्यात स्वयंपाक करू नये. काचेचे कण अन्नात जातात. वरून रंग फासणं ही काही दुरुस्ती नव्हे.

निजामाच्या दागिन्यांत हिरे-पाचू पुढे आणि मिना बहुधा पाठीला. तो नुसता शोभेचा नाही. कुंदनाचं शुद्ध सोनं मऊ असतं. अंगाला घासून झिजू नये म्हणून मागे हे काचेचं कवच. हे 173 ऐवज केंद्र सरकारने 1995 मध्ये 218 कोटींना घेतले. ते रिझर्व्ह बँकेच्या तिजोरीत असतात. 2019 मध्ये प्रदर्शन भरलं, तेही दिल्लीला. 1948 पर्यंत मराठवाडा ज्या संस्थानात होता, त्याच्या राजधानीत ते कायमचे मांडावेत ही मागणी जुनीच आहे. मांडले तर पेटीत मागे आरसा तरी ठेवावा, नाहीतर मिना दिसायचाच नाही.