दाहिनीच्या दारापर्यंतचा कायदा

जेम्स फिट्झजेम्स स्टीफन हे नाव आपल्याकडच्या वकिलांना चांगले ठाऊक आहे. १८७२चा पुरावा कायदा त्यांच्या हातचा. १ जुलै २०२४ रोजी भारतीय साक्ष्य अधिनियम लागू होईपर्यंत आपली न्यायालये त्याच कायद्याने साक्षीपुरावे तपासत होती. हिंदुस्थानातून परतल्यावर स्टीफन इंग्लंडमध्ये न्यायाधीश झाले आणि १८८४ साली कार्डिफ येथे त्यांच्यासमोर एक विलक्षण खटला आला. प्रेत जाळणे हा गुन्हा आहे का, एवढाच त्यातला प्रश्न. ज्या देशात दहन सोडून दुसरे काही लोकांना सहसा सुचत नाही, त्या देशाचा कायदा लिहिलेल्या माणसाने हा प्रश्न सोडवावा, हा योगायोग मला फार वर्षे खुणावत होता. त्या निकालाचा माग काढत मी पुढचे कायदे, नियम आणि चौकशी अहवाल वाचत गेले, आणि शेवटी एडिंबरोच्या एका स्मशानभूमीपाशी येऊन थांबले. हा लेख मुख्यतः त्या स्मशानभूमीविषयी आहे.

आरोपीचे नाव विल्यम प्राइस. वय ८३. वेल्समधल्या लँट्रिसंट गावचा डॉक्टर, जुना चार्टिस्ट चळवळ्या, स्वतःला प्राचीन ड्रुइड पंथाचा पुरोहित मानणारा. त्याचा पाच महिन्यांचा मुलगा वारला. पुरल्याने जमीन नासते, असे प्राइसचे ठाम मत होते. जानेवारीतल्या एका रविवारी त्याने टेकडीवर मुलाला अग्नी दिला. गाव धावून आले, अर्धवट जळालेला देह बाहेर काढण्यात आला, प्राइसला अटक झाली. शवविच्छेदनात मृत्यू नैसर्गिक असल्याचे निघाले. स्टीफन यांनी निकाल दिला : दहनाला मनाई करणारा कायदा देशात नाही. लोकांना उपद्रव होत नसेल आणि मृत्यूची चौकशी टाळण्याचा हेतू नसेल, तर प्रेत जाळणे गुन्हा नव्हे. मार्चमध्ये प्राइसने मुलाचे दहन रीतसर पूर्ण केले. पुढच्याच वर्षी, २६ मार्च १८८५ रोजी, लंडनजवळच्या वोकिंगच्या दाहिनीत पहिले दहन झाले.

निकालातला ‘चौकशी टाळण्याचा हेतू’ हा भाग नीट लक्षात ठेवायला हवा, कारण पुढच्या सगळ्या कायद्याचा जीव त्यात आहे. पुरलेले प्रेत पुन्हा उकरता येते, जाळलेले परत मिळत नाही. विष घालून मारणाऱ्याला दहन सोयीचे पडेल, ही भीती इंग्लंडच्या गृहखात्याला सतत छळत होती. १९०२चा दहन कायदा त्या भीतीतून जन्मला. दाहिनी राहत्या घरापासून दोनशे यार्ड आणि सार्वजनिक रस्त्यापासून पन्नास यार्ड दूर असावी, असे तो सांगतो. त्याखालच्या नियमांनी फॉर्मची एक माळच तयार केली : नातेवाइकाचा अर्ज, उपचार करणाऱ्या डॉक्टरचा दाखला, दुसऱ्या डॉक्टरचा पडताळणी दाखला आणि शेवटी स्मशानभूमीच्या वैद्यकीय अधिकाऱ्याची परवानगी. माणूस कसा मेला, हे चार बाजूंनी विचारायचे.

इतके करून ती भीती खरी ठरायची ती ठरलीच. हॅरोल्ड शिपमन या डॉक्टरने आपल्या रुग्णांचे खून केले, फॉर्म स्वतः भरले आणि शेजारच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी विश्वासाने पडताळणीच्या सह्या केल्या. चौकशीत २१५ बळी मोजले गेले. पुढे स्कॉटलंडने २०१५ साली आणि इंग्लंडने २०२४ सालापर्यंत डॉक्टरांचे ते खास दहन दाखले बंद करून मृत्यूच्या कारणाची छाननी वेगळ्या यंत्रणेकडे सोपवली. या विषयावर भरपूर लिहिले गेले आहे, मी त्यात अडकत नाही.

मला खटकत गेले ते वेगळेच. शंभर वर्षांच्या या सगळ्या नियमांत प्रेत दाहिनीच्या दारापर्यंत कसे पोचते, याचा बारीक विचार आहे. दार बंद झाल्यावर आत काय होते, ते कोण करतो, त्याला ते कोणी शिकवले, याबद्दल जवळजवळ काहीच नाही. १९९०च्या पर्यावरण कायद्यानंतर सरकारचे लक्ष आणखी एका जागी गेले, ते म्हणजे धुराडे. धूर, कण, दातांत भरलेल्या चांदीतून निघणारा पारा. या प्रदूषण नियमांमुळे ऑपरेटरच्या प्रशिक्षणाला जोर आला. स्मशानभूमी व्यवस्थापनाच्या दोन संस्था परीक्षा घेऊन प्रमाणपत्रे देऊ लागल्या. म्हणजे कायद्याचा एक डोळा दारावर, दुसरा धुराड्यावर. मधली जागा, जिथे राख आणि अस्थी उरतात, ती कोणाच्याच नजरेत नव्हती.

एडिंबरोचे मॉर्टनहॉल हे १९६७ साली सुरू झालेले महापालिकेचे स्मशान. बेसिल स्पेन्स या नामांकित वास्तुरचनाकाराच्या कार्यालयाने ते बांधले. उंच पांढऱ्या भिंती, भोवती झाडी. स्थापत्याच्या पुस्तकांत त्याचे कौतुक असते. मृत जन्मलेल्या किंवा जन्मानंतर थोड्याच वेळात गेलेल्या बाळांचे दहन इथे होत असे आणि आईबापांना सांगितले जाई की इतक्या लहान जिवाची राख मिळत नाही. आईबाप ते मान्य करत. त्या अवस्थेत कोण वाद घालणार? सुरुवातीपासून २०११पर्यंत, चव्वेचाळीस वर्षे, हेच चालले.

त्याच शहरात सीफील्ड आणि वॉरिस्टन ही दोन खासगी स्मशाने होती. तिथे तेवढ्याच लहान बाळांची राख आईबापांच्या हाती दिली जात होती. ही तफावत बाळ गमावलेल्या कुटुंबांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेच्या लक्षात आली आणि डिसेंबर २०१२मध्ये बातमी फुटली. मॉर्टनहॉलमध्ये राख उरत होती. ती आईबापांना न सांगता स्मशानाच्या बागेत पुरली जात होती.

महापालिकेने चौकशीसाठी डेम एलिश अँजिओलिनी यांना बोलावले. स्कॉटलंडच्या माजी लॉर्ड ॲडव्होकेट, म्हणजे सरकारच्या सर्वोच्च कायदा अधिकारी. त्या पदावर बसलेली पहिली स्त्री. त्यांचा अहवाल ३० एप्रिल २०१४ रोजी आला. मी वाचलेल्या सरकारी कागदपत्रांत इतका माणुसकीचा दस्तऐवज दुसरा नाही. सर्वसाधारण निष्कर्ष काढून त्या मोकळ्या झाल्या नाहीत. एकेका कुटुंबाचे प्रकरण वेगळे घेतले, नोंदवही काय म्हणते, अर्जावर काय लिहिले होते, आईबापांना कोणी काय सांगितले, हे शेजारी शेजारी ठेवले. कित्येक अर्जांवर एक सांगणे आणि नोंदवहीत दुसरेच. हजारो अहवाल असे लिहायला हवेत, असे मला वाटते.

राख मिळत नाही, हे म्हणणे शास्त्राच्या कसोटीवर टिकते का? अँजिओलिनींनी न्यायवैद्यक मानववंशशास्त्रज्ञ ज्युली रॉबर्ट्स यांना विचारले. उत्तर निःसंदिग्ध होते. गर्भाची हाडे सतराव्या आठवड्यापासूनसुद्धा दहनानंतर शिल्लक राहू शकतात आणि ओळखू येतात. तेव्हा प्रश्न उरतो तो दहन कसे केले जाते याचा. दाहिनी मोठ्या माणसाच्या देहासाठी बनवलेली असते. आत आठशे ते हजार अंश सेल्सिअस तापमान, वरून आणि बाजूंनी जोराने सोडलेली हवा. त्या झोतात बाळाची पातळ हाडे उडून जातात, कोपऱ्याकोपऱ्यांत विखुरतात. जिथे राख मिळत होती तिथे ऑपरेटर बाळाला धातूच्या कडा असलेल्या ट्रेमध्ये ठेवत, हवेचा जोर कमी करत, ज्वाला थेट अंगावर येणार नाही असे पाहत आणि दहनाला वेळ देत. फार मोठे तंत्रज्ञान नव्हे. एक ट्रे, थोडी सबुरी आणि कोणीतरी दाखवून दिलेली पद्धत.

मॉर्टनहॉलमध्ये ती पद्धत कोणी दाखवली नाही. जुन्याने नव्याला सांगितले की बाळांचे काही उरत नाही, नव्याने त्याच्या पुढच्याला. जे दिसत होते ते शवपेटीची, कपड्यांची, सोबत ठेवलेल्या खेळण्याची राख आहे, अशी समजूत करून घेतली गेली. मला या ऑपरेटरांवर सगळा दोष टाकता येत नाही. त्यांचा पगार कमी, काम असे की घरी सांगता येत नाही, आणि वर्षानुवर्षे कोणी वरिष्ठ भट्टीपाशी येऊन उभा राहिला नाही. ज्यांच्या टेबलावर त्याच शहरातल्या दुसऱ्या स्मशानांशी तुलना करण्याची सोय होती, ते साहेब लोक खरे उत्तरदायी आहेत. आणि अहवालातला सर्वांत जड भाग हा की काही बाळांचे अवशेष दाहिनीत मागे राहून पुढच्या अनोळखी मोठ्या माणसाच्या राखेत मिसळले असण्याची शक्यता नाकारता आली नाही. त्या आईबापांना आपले मूल कुठे आहे, हे आता कधीच कळणार नाही.

आपण तिसऱ्या दिवशी सावडायला जातो. उन्हातान्हात, डोळे सुजलेले असतानासुद्धा अस्थी वेचताना हात हळू चालतात. म्हणून मला वाटते, मराठी वाचकाला त्या आईबापांचे दुःख समजावून सांगावे लागणार नाही.

अँजिओलिनींनी नंतर देशभरातल्या प्रकरणांची चौकशी केली. तो अहवाल जून २०१६चा, त्यात दोनशेहून अधिक प्रकरणे आहेत. ॲबर्डीनच्या हेझलहेड स्मशानात तर बाळांना अनोळखी प्रौढांच्या देहासोबत एकाच वेळी जाळले जात होते. हे वाचल्यावर मी काही दिवस तो अहवाल मिटून ठेवला होता.

दरम्यान निवृत्त न्यायमूर्ती लॉर्ड बोनोमी यांच्या आयोगाने जून २०१४मध्ये ६४ शिफारशी केल्या. त्यातली पायाभूत शिफारस राखेच्या व्याख्येविषयी होती. ऑपरेटर राख म्हणजे फक्त हाडे मानत आणि आईबाप दाहिनीत उरलेले सगळे. या फटीतूनच ‘राख नाही’ हे उत्तर निघत होते. बोनोमींनी ती फट बुजवली : दहनानंतर धातू वगळून जे काही उरते ते सगळे राख. २०१६च्या स्कॉटिश दफन व दहन कायद्यात हाच अर्थ आला. पेटीची राख कोणती आणि बाळाची कोणती, हे ठरवण्याचा अधिकार भट्टीपाशी उभ्या माणसाकडून गेला, आणि तो जायलाच हवा होता.

याच शिफारशींतून निरीक्षक हे पद उभे राहिले. मार्च २०१५मध्ये रॉबर्ट स्वॉन्सन हे स्कॉटलंडचे पहिले स्मशान निरीक्षक झाले. स्मशानात जाऊन नोंदवही तपासायची, पद्धत पाहायची, तक्रार ऐकायची आणि दरवर्षी मंत्र्यांना अहवाल द्यायचा. प्रशिक्षणात बाळांच्या दहनाला स्वतंत्र स्थान द्यावे, आणि भट्टी चालवणाऱ्याबरोबर अंत्यसंस्कार करणाऱ्या कंपन्या व रुग्णालयातल्या परिचारिकांनाही शिकवावे, यावर बोनोमींचा भर होता. तो मला फार महत्त्वाचा वाटतो. आईला पहिले चुकीचे वाक्य बहुतेक वेळा रुग्णालयातच ऐकू येत होते.

इंग्लंडमध्ये श्रूजबरीच्या एमस्ट्री स्मशानात असेच घडले होते. १९९६ ते २०१२ या काळात बाळांची राख आईबापांना मिळत नव्हती. चौकशीत कारण निघाले अपुरी यंत्रे आणि अपुरे प्रशिक्षण. नवी यंत्रणा बसली आणि राख मिळू लागली. त्या अहवालानेही राष्ट्रीय निरीक्षक मागितला होता. स्कॉटलंडने तो नेमून दाखवला, मग सीमेच्या दक्षिणेला इतकी चालढकल का व्हावी?

मॉर्टनहॉलच्या कागदपत्रांत आणखी एक पोकळी आहे. चोवीस आठवड्यांच्या आत गर्भपात झाला तर तो जीव जुन्या दहन नियमांच्या कक्षेतच येत नव्हता. ना सक्तीची नोंद, ना फॉर्म. २०१६च्या कायद्याने ही पोकळी भरली. आता रुग्णालयाने त्या स्त्रीला पर्याय समजावून सांगायचे, तिची इच्छा विचारायची आणि ती लिहून ठेवायची.

हे वाचत असताना मी आपल्याकडचे नियम काढून बसले. मुंबई महानगरपालिकेच्या १८८८च्या कायद्यात मृतांच्या विल्हेवाटीच्या जागांविषयी कलमे आहेत. जागा कुठे असावी, परवानगी कोणी द्यावी, नोंद कशी व्हावी. विद्युतदाहिनी किंवा गॅसदाहिनी चालवणाऱ्या माणसाने काय शिकलेले असावे, याबद्दल त्यात काही असण्याचा प्रश्नच नव्हता, तेव्हा आपल्याकडे ती यंत्रे नव्हती. पण आज आहेत, शहराशहरांत आहेत. एप्रिल २०२१मध्ये, कोविडच्या लाटेत, सुरतच्या स्मशानात दिवसरात्र चालून गॅसदाहिन्यांच्या लोखंडी जाळ्या वितळल्या, तेव्हा त्यांच्यापुढे उभे असलेले कामगार आपल्याला क्षणभर दिसले. नंतर त्यांच्याकडे पाहायचे आपण सोडून दिले. दाहिनी बसवण्याच्या निविदेत तापमान, इंधन, धुराड्याची उंची हे सारे असते. ऑपरेटरचे प्रशिक्षण, त्याची परीक्षा, त्याच्या कामाची तपासणी हीसुद्धा प्रत्येक पालिकेच्या निविदेत लिहिलेली असायला हवीत.

लहान मुलांना आपण बहुधा पुरतो, त्यामुळे मॉर्टनहॉलसारखे आपल्याकडे घडणार नाही असे कोणी म्हणेल. त्याने आपले जैववैद्यकीय कचरा नियम वाचावेत. ते मार्च २०१६चे, म्हणजे स्कॉटलंडच्या कायद्याच्या अगदी आसपासचे. त्यांच्या पहिल्या अनुसूचीत पिवळ्या पिशवीत टाकायच्या वस्तूंत मानवी ऊती, अवयव आणि जगण्याची क्षमता येण्याआधीचा गर्भ एकाच ओळीत आहेत. विल्हेवाट भस्मीकरणाने किंवा खोल पुरून. संसर्गाच्या दृष्टीने नियम बरोबर असेल. पण पिशवी बंद करण्याआधी त्या आईला काही विचारायचे आहे का, हे त्या ओळीत लिहिलेले नाही, आणि ते लिहून घेण्यासाठी आपल्याला चव्वेचाळीस वर्षे थांबण्याची गरज नाही.