दिवा उघडा पाहू!

'ओपन' हा इंग्रजी शब्द तुम्ही कधीच शिकून मोकळे झालात, हो ना? ओपन द डोअर, ओपन द बुक. सोप्पं! पण चीनमधली मुलं इंग्रजी शिकताना याच शब्दापाशी अडखळतात. अंधार पडला की म्हणतात, 'ओपन द लाइट'! इंग्रजीत तिथे 'टर्न ऑन' हवं.

असं का होतं? चिनी भाषेत 'खाय' नावाचा एक शब्द आहे. मूळ अर्थ उघडणे. जुन्या पद्धतीने लिहिलं तर त्याच्या चिन्हात दोन फळ्यांचा दरवाजाच दिसतो. तैवान आणि हाँगकाँगमध्ये अजून तसंच लिहितात. चीनने लिपी सोपी केली तेव्हा त्यातला दरवाजा गेला आणि आतलं चिन्ह तेवढं राहिलं.

आता या 'खाय'ची कामं बघा. दार उघडायचं? खाय. दिवा किंवा टीव्ही लावायचा? खाय. गाडी चालवायची, सभा भरवायची, सुट्टीनंतर शाळा सुरू झाली, कळी उमलली, सगळीकडे खाय! 'खाय-श्वेय' म्हणजे उकळलेलं पाणी. चीनमधल्या आगगाड्यांत ते भरून घेण्यासाठी खास नळ असतो. मला सगळ्यात आवडतो तो 'खाय-शिन'. शिन म्हणजे मन. मन उघडलं, म्हणजेच आनंद झाला! एवढी कामं करणारा शब्द घरात असताना, 'ओपन'सुद्धा दिवा लावत असेल असं त्या मुलांना वाटलं तर नवल काय?

आपल्याकडे तरी काय वेगळं आहे? 'दार लाव' म्हटलं की दार बंद होतं आणि 'दिवा लाव' म्हटलं की दिवा सुरू होतो. मराठी शिकणाऱ्या पाहुण्यांची काय तारांबळ उडत असेल!

इंग्रजीतल्या 'टर्न'चा अर्थ फिरवणे. पूर्वी गॅसच्या दिव्यांना तोटी असायची. ती फिरवली की गॅस यायचा आणि मग दिवा पेटवता यायचा. आज आपण नुसतं बटण दाबतो, तरी शब्द फिरवण्याचाच राहिला आहे.

पण खरी गंमत विज्ञानाच्या तासाला होते. वीज वाहायला सलग वाट लागते. सेलच्या एका टोकातून निघायचं, बल्बमधून जायचं आणि सेलच्या दुसऱ्या टोकाला पोचायचं. या वाटेत कुठे फट पडली तर तिला 'ओपन सर्किट' म्हणतात, आणि तेव्हा दिवा लागतच नाही! म्हणजे विजेच्या भाषेत 'ओपन' केलेला दिवा विझलेला असतो. चिनीतही ओपन सर्किटला 'खाय-लू' म्हणतात. तिथे 'खाय' केलेला दिवा लागतो, पण सर्किट 'खाय' झालं की तोच दिवा विझतो!

एक सेल, टॉर्चचा छोटा बल्ब आणि दोन वायरी घेऊन हे करून बघा. घरातल्या प्लगला मात्र अजिबात हात लावायचा नाही, फक्त सेलच वापरायचा!