राखीव रेडिओ आणि विमानाच्या पाठीवरची अँटेना

सेस्ना १७२ सारख्या एका इंजिनाच्या लहान विमानात वीज निर्माण करणारा आल्टरनेटर बंद पडला, तरी इंजिन निर्वेध चालूच राहते. कारण त्याला लागणारी ठिणगी मॅग्नेटो नावाच्या स्वयंपूर्ण यंत्रातून येत असल्यामुळे ते बॅटरीचे मिंधे नसते. मात्र बॅटरीतील उरलीसुरली शक्ती संपली, की वैमानिकापुढील फलकावरचा रेडिओ मुका होतो आणि त्याच्याबरोबर जमिनीवरच्या रडारला संकेतांक पाठवणारा ट्रान्सपाँडरही. सबब, संपर्क तुटल्याची इत्तला देण्यासाठी मुक्रर केलेला ७६०० हा संकेतांक अशा वेळी पाठवताच येत नाही. या प्रसंगाची तजवीज म्हणून पुष्कळ वैमानिक हातात मावणारा एक छोटा रेडिओ पिशवीत बाळगतात आणि तेवढ्यावर निर्धास्त होतात. ती निर्धास्ती मला तरी अस्थानी वाटते.

विमानांचे संभाषण ज्या ११८ ते १३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालते, तेथे तरंगाची लांबी सव्वादोन ते अडीच मीटर असते, आणि तिच्या चतुर्थांशाएवढी, म्हणजे जवळजवळ दोन फुटांची, अँटेना उत्तम काम देते. विमानाच्या पाठीवर अशीच अँटेना असते आणि तिच्या बुडाशी असलेला धातूचा पत्राही तिच्या कार्यात भागीदार असतो. उलट, छोट्या रेडिओची रबरी अँटेना असते वीतभर, आणि तीही धातूच्या पिंजऱ्यात कोंडलेली. लहरींना वाट काय ती खिडक्यांची! ३००० फुटांवरून या लहरींची सरळ रेषेतली धाव सुमारे ६५ नॉटिकल मैल असली, तरी दीड-दोन वॉटच्या क्षीण शक्तीला अशा कोंडीतून तेवढा पल्ला गाठणे दुष्कर होते.

उपाय एकच, बाहेरची अँटेना उसनी घेण्याचा. अँटेनेची केबल फलकावरील एका जॅकमधून नेतात. एरवी त्यातली स्प्रिंगची पाती मुख्य रेडिओला अँटेनेशी जोडून ठेवते, पण छोट्या रेडिओचा प्लग खुपसताच ती बाजूला सरते आणि अँटेना त्या रेडिओच्या स्वाधीन होते. हे नको असल्यास पाव वळशाने सुटणारा बीएनसी जोड हाताशी येईल असा बसवावा. किंवा दुसरी स्वतंत्र अँटेनाच लावावी, जे सर्वांत निर्मळ, परंतु पत्र्याला भोक पाडणारे आणि खर्चाचे. यांतले काहीही करायचे तर ते परवानाधारक तंत्रज्ञाच्या हातून आणि विमानाच्या दफ्तरी नोंद करूनच. त्रिमुखी जोड लावून दोन्ही रेडिओ एकाच अँटेनेला कायमचे बांधण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा. कारण एकाने प्रक्षेपण केले, की त्याची शक्ती दुसऱ्याच्या नाजूक ग्राहक भागात शिरून तो जळण्याचा धोका असतो.

इंजिनाच्या गोंगाटात छोट्या रेडिओचा स्पीकर ऐकू येणे अवघड, म्हणून हेडसेट जोडण्याचा अडॅप्टरही सोबत हवा. आणि महिनोन्‌महिने पडून राहिलेली बॅटरी ऐन वेळी दगा देते, म्हणून साध्या सेलची डबी जवळ असावी. हा सारा जामानिमा जमिनीवर, विमानाची वीज बंद ठेवून, एकदा जोडून पाहावा. आणि प्लग काढल्यावर मुख्य रेडिओ पूर्ववत चालतो ना, याचीही खातरजमा करावी, कारण जॅकमधली ती पाती गंजली वा ढिली पडली, तर ज्या रेडिओत काही बिघाड नव्हता, तोच राखीव रेडिओच्या सोयीपायी बंद पडायचा.