फुकटच्या यंत्रांचा हिशेब

ओपन सोर्स प्रकल्पांच्या पानावर नावाखाली बरेचदा एक इवलासा हिरवा पट्टा असतो : ‘बिल्ड पासिंग’. ताजा कोड बांधून झाला, टेस्ट पास झाल्या, एवढंच तो सांगतो. पण तो हिरवा राहावा म्हणून कुठल्या तरी डेटा सेंटरमध्ये दिवसरात्र यंत्रं राबत असतात. त्यांचं बिल कोण भरतं, हे कुणी सहसा विचारत नाही. कंटिन्युअस इंटिग्रेशनची, म्हणजे सीआयची सेवा निवडताना मात्र माझ्या मते हाच प्रश्न आधी विचारावा. वेग, सोय, दिसायला छान पान हे सगळं त्यानंतर.

कल्पना साधी आहे. प्रत्येकाने आपला बदल मुख्य कोडमध्ये वरचेवर मिसळायचा आणि दर वेळी यंत्राकडून सगळं तपासून घ्यायचं. केंट बेक यांच्या एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंगमुळे ही पद्धत नावारूपाला आली आणि मार्टिन फाउलर यांच्या २००० सालच्या लेखाने ती घरोघरी पोचवली. नेटस्केपचा कोड १९९८ साली खुला झाल्यावर मोझिलाची मंडळीही टिंडरबॉक्सच्या पानावर डोळे लावून बसायची. तिथे लाल दिसलं की ‘झाड बंद’, म्हणजे दुरुस्ती होईपर्यंत नवा कोड आत नाही. राखणीला चक्क एक ‘शेरीफ’ असे.

कंपनीतल्या सीआयमध्ये आणि ओपन सोर्सच्या सीआयमध्ये एक मोठा फरक आहे. कंपनीत कोड पाठवणारा पगारावर असतो. इथे तो कोण, कुठला, काहीच ठाऊक नसतं. त्याची पुल रिक्वेस्ट तपासायची म्हणजे अनोळखी माणसाचा प्रोग्राम आपल्या यंत्रावर चालवायचा. पुढच्या बहुतेक भानगडींचं मूळ इथेच आहे.

पोस्टग्रेस या डेटाबेस प्रकल्पाने यावर काढलेला जुना तोडगा मला फार आवडतो. २००४ पासून त्यांचं ‘बिल्डफार्म’ चालू आहे. स्वयंसेवक आपापल्या यंत्रावर एक स्क्रिप्ट लावतात. ती मुख्य शाखेत आलेला कोड ओढून घेते, बांधते, टेस्ट चालवते आणि निकाल मध्यवर्ती सर्व्हरला कळवते. प्रत्येक यंत्राला एका प्राण्याचं नाव. एचपीच्या जुन्या पीए-रिस्क प्रोसेसरवरच्या एका यंत्राचं नाव होतं ‘गौर’, म्हणजे आपला राधानगरीचा गवा. असली म्हातारी यंत्रं कुठलीही व्यावसायिक सेवा भाड्याने देत नाही, आणि काही चुका अशाच यंत्रांवर उघड्या पडतात. कोड आत आल्यावर तपासणी होते ही उणीव खरी. पण कुण्या एका कंपनीचा मूड बदलला म्हणून हे फार्म बंद पडत नाही.

दुसरा जुना मार्ग म्हणजे आपणच चालवायचा सीआय सर्व्हर. त्यातल्या जेन्किन्सची गोष्ट थोडक्यात. सन कंपनीत हडसन या नावाने तो जन्मला, सन विकत घेणाऱ्या ओरॅकलशी नावावरून वाजलं आणि २०११ मध्ये नाव बदललं. सर्व्हर आपला, सत्ता आपली. प्लगइन अद्ययावत ठेवण्याची रात्रपाळीही आपलीच.

त्याच २०११ च्या सुमारास बर्लिनहून ट्रॅव्हिस सीआय आलं आणि चित्रच पालटलं. रेपॉझिटरीत एक छोटी यॅमल फाइल टाकायची की झालं. सार्वजनिक प्रकल्पांना दमडीही मोजावी लागत नसे. हजारो प्रकल्प तिकडे गेले, आणि त्यात गैर काही नव्हतं. जानेवारी २०१९ मध्ये आयडेरा कंपनीने ट्रॅव्हिस विकत घेतलं, पाठोपाठ नोकरकपात झाली. नोव्हेंबर २०२० मध्ये नवे दर आले : ओपन सोर्सला एकदाच १०,००० क्रेडिट, ती संपली की अर्ज करा. जून २०२१ मध्ये जुनं डॉट-ऑर्ग संकेतस्थळ मिटलं. कर्लसारख्या नावाजलेल्या प्रकल्पानेही त्याच महिन्यात ट्रॅव्हिसला रामराम ठोकला. रस्ट ही प्रोग्रॅमिंग भाषा तर आधीच ट्रॅव्हिसवरून अझुर पाइपलाइन्सवर आणि तिथून गिटहब ॲक्शन्सवर गेलं होतं.

ॲक्शन्स नोव्हेंबर २०१९ मध्ये सर्वांसाठी खुलं झालं आणि सार्वजनिक रेपॉझिटरींना नेहमीची यंत्रं मोफत मिळू लागली. आज नवा प्रकल्प डोळे झाकून तिथेच जातो. फुकट मिळणारी मिनिटं ही कुणाच्या तरी जाहिरात-खर्चाची बाब असते, आणि ताळेबंद बिघडला की कात्री आधी तिथेच लागते, हे ट्रॅव्हिसने शिकवलं. मालक मोठा असला म्हणून हा नियम बदलत नाही.

शिवाय फुकट म्हटलं की भामटे आलेच. २०२१ मध्ये क्रिप्टो-खाणवाल्यांनी सगळीकडे धुमाकूळ घातला. युक्ती सोपी : प्रकल्पाची फोर्क काढायची, टेस्टच्या जागी खाणकामाचा प्रोग्राम ठेवायचा आणि पुल रिक्वेस्ट पाठवायची. ती मर्ज होण्याची गरजच नाही. यंत्र जागं झालं की काम साधलं. म्हणून गिटहबने पहिल्यांदा येणाऱ्यांच्या बदलांना मेंटेनरची परवानगी सक्तीची केली, गिटलॅबने नव्या मोफत खात्यांकडे कार्ड मागितलं आणि सोर्सहटने बिल्ड फक्त पैसे भरणाऱ्यांपुरते ठेवले.

चोरी विजेची होते तोवर ठीक. किल्ल्यांची होते तेव्हा खरी पंचाईत. मार्च २०२५ मध्ये ‘टीजे-ॲक्शन्स/चेंज्ड-फाइल्स’ ही लोकप्रिय ॲक्शन कुणीतरी ताब्यात घेतली. २३,००० हून अधिक रेपॉझिटरी ती वापरत होत्या. हल्लेखोराने तिचे जुने आवृत्ती-टॅगच उचलून आपल्या घातकी कमिटवर नेऊन ठेवले. ‘आम्ही ठरावीक आवृत्तीच वापरतो’ म्हणणारेही त्यात सापडले, आणि टोकन, पासवर्ड बिल्डच्या लॉगमध्ये छापले जाऊ लागले. सार्वजनिक प्रकल्पाचा लॉग कुणीही वाचू शकतो. टॅग सरकवता येतो, कमिटचा पूर्ण हॅश सरकवता येत नाही. ज्यांनी तो लांबलचक हॅश लिहून ठेवला होता, त्यांच्यापैकी बहुतेक वाचले.

हिरव्या पट्ट्याच्या मर्यादेचं उदाहरण द्यायचं तर एक्सझेड या कॉम्प्रेशन लायब्ररीच्या २०२४ च्या प्रकरणाचं देतो. तिथे मागच्या दाराचा मसाला टेस्टच्या फाइलींतच लपवला होता आणि तो जोडणारी ओळ फक्त प्रकाशित टारबॉलमध्ये होती, गिटमध्ये नव्हती. गिटमधला कोड तपासणाऱ्या सीआयला ती ओळ दिसणं शक्यच नव्हतं. आन्द्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरला एसएसएच लॉगिन अर्धा सेकंद रेंगाळतंय असं वाटलं, त्यांनी पाठपुरावा केला आणि बिंग फुटलं.

रोजच्या कारभारात मात्र सर्वात जास्त छळते ती लहरी टेस्ट : कधी पास, कधी फेल. ‘पुन्हा चालवून बघ’ हे उत्तर अंगवळणी पडलं की लाल रंगाची भीती संपते आणि खरी चूकही त्याच उत्तराने आत जाते. अशी टेस्ट दुरुस्त होईपर्यंत सरळ बाजूला काढावी. मर्जच्या दारात तिला उभं करू नये. त्या दाराबद्दल रस्टच्या ग्रेडन होअर यांनी घातलेला नियम चोख आहे : मुख्य शाखा कायम सगळ्या टेस्ट पास होणारी असावी, आणि ती तशी ठेवण्याचं काम यंत्राने करावं. दोन बदल वेगवेगळे तपासले तर हिरवे आणि एकत्र केले तर लाल, असं होतंच. म्हणून रस्टचा बॉर्स बॉट मर्ज केल्यावर जो कोड तयार होईल तो आधी तपासतो, मगच आत घेतो.

लहान प्रकल्पासाठी माझं मत विचाराल तर ॲक्शन्स खुशाल वापरा, पण यॅमलमध्ये अक्कल ठेवू नका. बांधणी आणि टेस्ट मेकफाइलमध्ये किंवा साध्या स्क्रिप्टमध्ये ठेवा. यॅमलने फक्त त्यांना हाक मारावी. मेंटेनरच्या लॅपटॉपवर एका आज्ञेत सगळं चाललं पाहिजे. फोर्कमधून आलेल्या बदलाला कुठलीही गुप्त किल्ली दिसता कामा नये. प्रकाशनाचं काम वेगळं, त्याची परवानगी वेगळी. आणि दर कमिटला ऑपरेटिंग सिस्टीम आणि आवृत्त्यांच्या चाळीस जोड्या तपासायची हौस असेल, तर त्यातल्या पस्तीस रात्री एकदाच चालवा.

मोठ्यांचं दुखणं वेगळं. मेसा, वेलँड, एक्स-ऑर्ग हे ग्राफिक्सचे प्रकल्प ज्या फ्रीडेस्कटॉपच्या गिटलॅबवर राहतात, तिथे २०२० मध्ये क्लाउडचं वाढतं बिल बघून सीआयवर कात्री चालवायची चर्चा झाली होती. पुढे इक्विनिक्सने यंत्रं दिली, आणि २०२५ च्या सुरुवातीला तो आश्रय संपत असल्याचं कळलं. मुदत एप्रिलअखेरपर्यंतची. या वेळी त्यांनी नवा दाता शोधण्याऐवजी हेट्झनरचे सर्व्हर भाड्याने घेतले. प्रायोजकांकडून आता यंत्रं नकोत, भाड्याचे पैसे हवेत, अशी त्यांची भूमिका होती.