फळांच्या रसाची वाइन : कशी होते आणि घरी करावी का?



आपल्यापैकी बऱ्याच जणांचा ऊस कारखान्याला येतो आणि माळाच्या हलक्या रानात डाळिंब, बोर नाहीतर पेरू उभा असतो. डाळिंबाला तडा गेला किंवा बाजारात एकदम आवक झाली की व्यापारी निम्मा माल बाजूला सारतो. अशा वेळी कोणीतरी हमखास सल्ला देतो, "अहो, फेकता कशाला? घरीच वाइन काढा, बाटलीला चांगला भाव येतोय." मोबाईलवर तर नासपतीपासून डाळिंबापर्यंत सगळ्या फळांची वाइन घरच्या बरणीत करून दाखवतात. पाहताना ते सोपे वाटते. म्हणून या कामामागचे शास्त्र काय, त्यात धोका कुठे आहे आणि आपल्याकडचा कायदा काय म्हणतो, हे सभासदांना नीट माहीत असणे जरूर आहे.

रस चढतो म्हणजे काय होते?

फळाच्या सालीवर आणि हवेत यीस्ट नावाचे अतिसूक्ष्म जीव असतात. रसातील साखर खाऊन ते तिचे अल्कोहोल व कर्बवायू करतात. हे काम जिवंत यीस्टचे आहे, हे फ्रान्सच्या लुई पाश्चर यांनी १८६० च्या सुमारास दाखवून दिले. हिशेब असा की, १८० ग्रॅम ग्लुकोजपासून जास्तीत जास्त ९२ ग्रॅम अल्कोहोल होते आणि उरलेले ८८ ग्रॅम वायू होऊन उडून जाते. बरणीतून बुडबुडे येतात ते याच वायूचे.

आपल्याला हे नवीन नाही. तोडलेला ऊस दोन-चार दिवस फडात पडून राहिला की त्यातील साखर फुटते आणि उतारा घटतो. उसाच्या साखरेचे ग्लुकोज व फ्रुक्टोज असे दोन तुकडे होतात. फळाच्या रसात साखर घातली तर यीस्टही आधी तिचे असेच दोन तुकडे करते व मग ती खाते. ज्या कारखान्यांना आसवनी आहे तिथे मळीवर हेच यीस्ट काम करते. फरक एवढाच की आसवनीत पुढे ऊर्ध्वपातन करून अल्कोहोल वेगळे काढतात. वाइनमध्ये ऊर्ध्वपातन नसते, चढलेला रस निवळून तसाच ठेवतात.

ब्रिक्सचा हिशेब

ब्रिक्स हा शब्द सभासदांच्या ओळखीचा आहे. रसाचा ब्रिक्स जितका असेल, त्याच्या साधारण निम्म्याहून थोडे अधिक टक्के अल्कोहोल होते. ०.५५ ने गुणले की अंदाज येतो. डाळिंबाच्या रसाचा ब्रिक्स १६ धरला तर पावणेनऊ टक्के होतील. एवढ्यावर वाइन टिकायला कठीण. टिकाऊ वाइनला ११ ते १२ टक्के लागतात, म्हणजे ब्रिक्स २२ च्या घरात न्यावा लागतो. त्यासाठी लिटरमागे सुमारे ८० ग्रॅम साखर पडते. चाळीस लिटर रसाला सव्वातीन किलोच्या आसपास साखर झाली.

नासपती, म्हणजे बाजारात ज्याला पेर म्हणतात ते फळ, यापेक्षा पातळ रसाचे. आपल्याकडे ते काश्मीर-हिमाचलकडून येते. इंग्लंडच्या पश्चिम भागात त्याची 'पेरी' नावाची वाइन पूर्वापार करतात. नासपतीत सॉर्बिटॉल नावाचा एक गोड पदार्थ असतो, तो यीस्टला खाता येत नाही. त्यामुळे सगळी साखर संपली तरी पेरीला किंचित गोडी राहते. आपला 'पेरू' हा शब्दही पोर्तुगीजांच्या 'पेरा' म्हणजे नासपती यावरून आला असे मानतात. फळ मात्र वेगळे. पेरूत पेक्टिन भरपूर असल्याने त्याचा रस गढूळ राहतो आणि लवकर निवळत नाही.

परवान्याच्या कारखान्यात हे कसे करतात?

१) फळ पक्के व निरोगी घेतात. कुजलेले किंवा बुरशी धरलेले फळ बाजूला काढतात. तडकलेले फळ त्याच दिवशी वापरले तर ठीक, चार दिवस ठेवलेल्या फळात आत बुरशी शिरलेली असते.

२) डाळिंबाचे दाणे सोलून फक्त त्यांचाच रस काढतात. साल व आतला पांढरा पापुद्रा रसात गेला तर कडवट तुरटपणा येतो आणि तो पुन्हा काढता येत नाही.

३) भांडे काचेचे, स्टेनलेस स्टीलचे किंवा खाद्यपदार्थांसाठीच्या प्लॅस्टिकचे असते. तांब्या-पितळेच्या व ॲल्युमिनियमच्या भांड्याला आंबट रस खातो आणि धातू रसात उतरतो.

४) रानटी जंतू मारण्यासाठी पोटॅशियम मेटाबायसल्फाइट मोजून घालतात. सरबताच्या शिबिरात भगिनींनी 'केएमएस' म्हणून वापरले असेल तेच हे. एक दिवस थांबून मग निवडक यीस्ट सोडतात.

५) भांड्याचे तोंड असे बंद करतात की आतला वायू बाहेर जाईल पण बाहेरची हवा आत येणार नाही. ऊष्णता २० ते २५ अंशांच्या आसपास राखतात.

६) बुडबुडे थांबले की गाळ खाली ठेवून वरचा निवळ रस दुसऱ्या भांड्यात घेतात. हे दोन-तीनदा करून काही महिने मुरू देतात.

घरी बिघडते ते कुठे?

पहिली अडचण आपल्या सोलापूरच्या उन्हाची. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो. पस्तिशीच्या वर यीस्ट दमते आणि काम अर्धवट टाकते. मग राहिलेल्या साखरेवर दुसरे जंतू बसतात. हवा लागली तर अल्कोहोलचे ॲसेटिक आम्ल होते, म्हणजे वाइनचा शिरका होतो.

दुसरी अडचण वायूची. साखर शिल्लक असताना बाटलीला घट्ट बूच मारले तर दाब वाढून बाटली फुटते. काच डोळ्यात गेल्याचे दुःख कोणत्याही भावाने भरून निघत नाही. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने बंद खोलीत, खड्ड्यात, टाकीच्या तळाशी साचतो आणि तिथे उतरलेला माणूस गुदमरतो.

तिसरी गोष्ट मिथेनॉलची. फळातील पेक्टिनपासून ते थोडे तयार होतेच, पण साध्या न गाळलेल्या वाइनमध्ये त्याचे प्रमाण सहसा अल्प असते. घात होतो तो कोणी चढलेला रस भट्टीवर गाळायला घेतला किंवा बाहेरचे स्पिरिट मिसळले म्हणजे. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणी येथे मिथेनॉलमिश्रित दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली. मिथेनॉल चवीने किंवा वासाने ओळखू येत नाही, हे घरातल्या पोरांना मुद्दाम सांगून ठेवावे.

कायदा काय म्हणतो?

१९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा, ज्याला आता महाराष्ट्र दारूबंदी कायदा म्हणतात, तो आपल्या राज्यात लागू आहे. त्याच्या कलम १२ नुसार परवान्याशिवाय मद्य तयार करता येत नाही आणि कलम ६५ मध्ये त्याला तुरुंगवास व दंड सांगितला आहे. इंग्लंड-अमेरिकेत घरापुरती वाइन करायला मोकळीक आहे, म्हणून तिकडचे व्हिडिओ बिनधास्त असतात. आपल्याकडे मात्र "विकणार नाही, घरच्यापुरतीच करतो" हे उत्तर चालत नाही. फळ स्वतःच्या बागेतले आहे, म्हणूनही सूट नाही.

याचा अर्थ शेतकऱ्याला हा मार्गच बंद आहे असे नव्हे. शासनाने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले. त्यानंतर नाशिक जिल्ह्यात विंचूर व सांगली जिल्ह्यात पलूस येथे वाइन पार्क झाले. पालघर जिल्ह्यात बोर्डीला चिकूची वाइन निघाली. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या मानकांत द्राक्षाखेरीज इतर फळांच्या वाइनचाही समावेश आहे. पण हा उद्योग राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना, तपासणी, यंत्रसामग्री आणि भांडवल लागणारा आहे. एकट्या-दुकट्याने बरणीत करण्याचा नाही. गटाने किंवा उत्पादक कंपनीने विचार केला तरच तो पेलेल, आणि त्यातही आधी बाजारपेठ पाहून मग भांडवल घालावे.

मग तडकलेल्या डाळिंबाचे काय?

वाइनच्या खटाटोपात जी काळजी घ्यावी लागते, तिच्या निम्म्या काळजीत रस, सरबत, जेली आणि वाळवलेला अनारदाना होतो. ताजा रस योग्य तापवून, गरम असतानाच उकळून घेतलेल्या बाटलीत भरला तर टिकतो. विकायचा असेल तर अन्नसुरक्षेची नोंदणी करावी लागते, पण ती दारूच्या परवान्यासारखी अवघड नाही. केगाव येथे २००५ पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. तिथे प्रक्रियेची माहिती मिळते. सोलापूर डाळिंबाला भौगोलिक मानांकनही आहे, त्या नावाचा उपयोग आपण लेबलावर रीतसर नोंदणी करून घेतला पाहिजे.

तरी सभासदांना विनंती अशी की, कोणाच्या सांगण्यावरून घरात बरणी भरून ठेवू नये. एका हंगामाचे पाच-पन्नास क्रेट वाचवायला जाऊन घरचा कर्ता माणूस कोर्टाच्या पायऱ्या चढू लागला, तर त्याची भरपाई कुठलेच पीक देत नाही. ज्यांना प्रक्रियेत खरोखर रस आहे अशा पाच-दहा जणांनी एकत्र यावे, आधी सरबत-अनारदान्यापासून सुरुवात करावी, हिशेब लिहून ठेवावा आणि मग पुढचे पाऊल टाकावे.